वस्तू आमची, पाटी तुमची

विद्यापीठाने आदिवासी कलेचं प्रदर्शन भरवलं, की आधी निमंत्रणपत्रिका वाचावी. प्रदर्शन नंतर पाहिलं तरी चालतं, नाही पाहिलं तरी फारसं बिघडत नाही. पत्रिकेत सगळं असतं. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक, समन्वयक, सहसमन्वयक, आणि तळाशी बारीक टायपात आयोजन समिती, प्रत्येक नावामागे 'प्रा.' नाहीतर 'डॉ.'. कुणाचं नाव राहून जाऊ नये म्हणून पत्रिका तीन-तीनदा तपासतात, कारण एखाद्याचं राहिलं तर पुढे वर्षभर अबोला. फक्त एक नाव कधीच नसतं: ज्याने वस्तू घडवली त्याचं. आणि ते राहिलं म्हणून कुठल्या विद्यापीठात कुणी कुणाशी अबोला धरल्याचं माझ्या कानावर अजून आलेलं नाही.

मी चिंचपाड्याचा. नवापूर तालुका, जिल्हा नंदुरबार. सुरत-भुसावळ लाइनवरचं लहानसं स्टेशन. बाहेरच्यांना गाव ठाऊक असलंच तर मिशनच्या दवाखान्यामुळे. नोकरीभर आश्रमशाळेत चित्रकला शिकवली. ज्या पोरांच्या घरात बांबू, माती, लाकूड हाताळायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यांच्याकडून शासकीय रेखाकला परीक्षेच्या स्थिरचित्रासाठी किटली आणि कपबशी गिरवून घेतली. २०११च्या जनगणनेप्रमाणे आमच्या जिल्ह्यात शंभरातले एकोणसत्तर लोक अनुसूचित जमातींचे. तेव्हा शहरातल्या दालनात 'आदिवासी कला' म्हणून जे मांडतात, ते आमच्याकडे ओसरीवर, चुलीपाशी आणि खळ्यात पडलेलं असतं. याचा एक तोटा होतो. प्रदर्शनातली चूक आम्हाला दारातूनच दिसते.

गेल्या काही वर्षांत एका विद्यापीठाच्या कलादालनात असंच एक प्रदर्शन भरलं होतं. त्या विद्यापीठाचं नाव घेत नाही. घेतलं तर बाकीच्यांना वाटेल आपण सुटलो. दालन झकास. एसी, पांढऱ्या भिंती, प्रत्येक वस्तूवर वरून पिवळा झोत. पाठीमागे भिंतभर फ्लेक्स, त्यावर तारप्याभोवती फेर धरून नाचणारी वारली माणसं. प्रदर्शन नंदुरबार जिल्ह्याच्या कलेचं, आणि फ्लेक्सवर डहाणू-जव्हारकडची चित्रकला! वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही कला कुठली हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे. पण फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात आदिवासी म्हणून एकच फाइल आहे, आणि आयोजकांच्या डोक्यातही तीच.

दालनाच्या मध्यभागी चौथऱ्यावर मासे धरायचा बांबूचा सापळा उभा केला होता. निमुळतं टोक खाली, तोंड वर, आणि तोंडात वाळलेल्या गवताचे तुरे. फुलदाणी! त्या सापळ्याची सगळी अक्कल त्याच्या तोंडात असते. आतल्या अंगाला कामट्यांची टोकं अशी वळवलेली असतात, की मासा पाण्याच्या ओढीने सहज आत शिरतो, पण परत फिरला की टोकं त्याला आडवी येतात. ओढ्यात तो आडवा ठेवतात, त्यासाठी पाण्याचा वेग आणि उतार ओळखावा लागतो. ही करामत ज्याने केली त्याला तुम्ही 'कलाकार' म्हणा की 'इंजिनिअर' म्हणा. पण तिच्यावर गवत खोचून ठेवलंत, तर तुम्हाला काय म्हणायचं तेही एकदा ठरवा.

सापळ्याशेजारी डालगं. त्याच्या पाटीवर छापलं होतं: 'टोपली. भिल्ल जमात. बांबू. नंदुरबार जिल्हा.' चार गोष्टी, पैकी एक चूक. डालग्याचा काठ पाहताक्षणी मला कळलं, हे कोटवालियांचं काम. आमच्या भागात बांबूच्या विणकामावर पोट असलेले लोक ते. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल वेगळे, गावित-मावची वेगळे, कोकणा वेगळे, आणि विटोलिया-कोटवालिया-बरोडिया यांची नोंद वेगळी. संशोधन बाजूला राहू द्या, ती सरकारी यादी नुसती चाळली असती तरी पाटी सुधारली असती. पण नंदुरबार म्हटलं की भिल्ल, भिल्ल म्हटलं की टोपली. झालं.

समन्वयक प्राध्यापक तिथेच होते. मी विचारलं, "सर, हे डालगं कुणी केलंय?"

"समाजाने," ते म्हणाले.

"समाजातल्या कुणी?"

"अहो, ही सामूहिक कला आहे. यात व्यक्ती महत्त्वाची नसते. अनामिकता हेच तर तिचं सौंदर्य."

"सर, तुमचा पीएच.डी.चा प्रबंध?"

"त्याचं काय?"

"तोही समाजानेच लिहिला असेल, नाही का? मुखपृष्ठावर नाव कुणाचं आहे?"

त्यांनी घड्याळात पाहिलं. उद्घाटक यायची वेळ झाली होती.

ही 'अनामिकता' नावाची थाप आता थांबवा. हाटाच्या दिवशी बाजारात येऊन बघा. सूप घेणारी बाई सूप उलटं करते, काठाची बांधणी नखाने दाबून पाहते आणि हे कुणाच्या हातचं ते सांगते. अमक्या पाड्यावरच्या बाईचा काठ दोन पावसाळे उसवत नाही, तमक्याच्या कामट्या जाड राहतात, फलाण्याने यंदा बांबू चांदण्या पंधरवड्यात तोडला म्हणून डालग्यांना कीड लागली, हे सगळं बाजारात तोंडपाठ असतं. आमच्याकडे कारागीर अनामिक कधीच नव्हता. गावाची वेस ओलांडून त्याची वस्तू विद्यापीठाच्या गाडीत चढली, तिथे त्याचं नाव गळालं. उचलणाऱ्याने वहीत लिहून घ्यायचा कंटाळा केला, आणि त्या कंटाळ्याला पुढे सौंदर्यशास्त्र म्हणायला लागले.

मी त्या डालग्याचा फोटो मोबाइलवर काढून आणला आणि आमच्याकडच्या एका कोटवालिया बाईला दाखवला. तिने एका नजरेत ओळखलं: तिचंच. दोन माणसं आली होती, घासाघीस करून घेऊन गेली, वर म्हणाली, कॉलेजात ठेवणार आहोत. तिला वाटलं, कॉलेजात धान्य ठेवायला लागत असेल. झोत, चौथरा, फ्लेक्स यांतलं तिला काही माहीत नव्हतं. तिचं नाव मी इथे छापत नाही. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "ज्यांनी नेलं त्यांनी आधी लिहावं, मग तुम्ही लिहा, गुरुजी." म्हणजे परवानगी नावाची गोष्ट तिला कळते. विद्यापीठाला कळत नाही.

आता मला सांगा, विद्यापीठ आणि शोरूम यांत फरक काय? शोरूमला वस्तू विकायची असते, विद्यापीठाला वस्तूबद्दल काही सांगायचं असतं. आशुतोष मुखर्जींच्या नावाने कलकत्ता विद्यापीठात १९३७ साली संग्रहालय निघालं, बनारसच्या हिंदू विद्यापीठात भारत कला भवन आलं, ते यासाठीच: विद्यार्थ्याने वस्तूसमोर उभं राहून प्रश्न विचारायला शिकावं. कुठली, कुणाची, कधीची, कशासाठी? प्रबंधातल्या एका वाक्याला संदर्भ नसला तर मार्गदर्शक प्रकरण परत पाठवतो. आणि त्याच विद्यापीठाच्या दालनात अख्खी वस्तू बिनसंदर्भाची उभी राहते, नि तिच्यासमोर कुलगुरू फीत कापतात.

बरं, नोंद ठेवता येत नाही असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात, शहाद्याजवळ प्रकाशे इथे तापी-गोमाईच्या संगमावर १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. तिथे निघालेल्या फुटक्या खापराला कुठला खड्डा, कुठला थर, किती खोल, एवढी सगळी हकिकत मिळाली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचं नाव लिहिता येत नाही, हे मान्य. पण खापराचा थर नोंदवणारी विद्या जिवंत बाईचा पाडा नोंदवत नाही, हे कसं मान्य करायचं? नोंदीत बसायला काय आधी जमिनीत गाडून घ्यायचं?

अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादची गोष्ट घ्या. १९७४ साली तिथे रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा ब्राँझच्या जड मूर्ती मिळाल्या. हडप्पा संस्कृतीच्या अभ्यासात आजही त्यांचा वाद चालतो. मिळाल्या कुणाला? छबू लक्ष्मण भिल्ल या माणसाला. त्याचं नाव विद्वानांच्या लेखांमध्ये आहे. म्हणजे भिल्ल माणसाचं नाव लिहिलं की कागद फाटत नाही. सापडणाऱ्याचं नाव लिहिता येतं, मग घडवणाऱ्याचं लिहायला हात का आखडतो?

हात आखडण्याची परंपरा मात्र जुनी आहे, हे कबूल करू. खानदेशच्या उंबऱ्यावर अजिंठा. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत जात आणि चित्रांच्या नकला करत. अंधारात, वटवाघळांच्या वासात पोरांनी काम केलं. नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि १८८५ च्या आगीत बऱ्याच जळल्या. त्याआधी रॉबर्ट गिलच्या नकला १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्याच होत्या. पुढे १८९६-९७ मध्ये मोठा ग्रंथ निघाला, मुखपृष्ठावर नाव ग्रिफिथ्सचं. ज्या पोरांनी डोळे शिणवले त्यांतल्या पेस्तनजी बोमनजीसारख्या एखाद्याचं नाव इतिहासात राहिलं, बाकीचे 'विद्यार्थी'. साहेब गेला, त्याची पद्धत आमच्या विद्यापीठांनी जपून ठेवली. फक्त साहेबाच्या जागी समन्वयक बसला.

नाव लिहिल्याने काय होतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. वारली चित्रं १९७० च्या आधीही होतीच. लग्नघरात सवाशिणी बायका चौक लिहीत. भास्कर कुलकर्णी हा विक्षिप्त, हट्टी चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर जाऊन राहिला, कागद नि रंग वाटले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे या माणसाचा हात त्याने ओळखला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसेंचं प्रदर्शन भरलं. पाटीवर 'वारली जमात' नव्हतं, माणसाचं नाव होतं. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात हा माणूस जगातल्या नामवंतांच्या रांगेत होता. २०११ मध्ये पद्मश्री. तोच हात, तोच तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. फरक एवढाच की कुणीतरी विचारलं, तुझं नाव काय?

आणि तरीही हिशेब पुरा होत नाही. ज्या सवाशिणींच्या हातून ही चित्रं पिढ्यान्‌पिढ्या उतरली, त्यांतल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? एका पुरुषाचं नाव लागलं आणि शेकडो बायकांची कायमची पुसली गेली. भोपाळच्या भारत भवनात चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी हे भान ठेवलं. त्या इमारतीच्या बांधकामावर मजुरी करणारी झाबुआकडची भिल्ल बाई, भूरीबाई, हिच्या हातात त्यांनी कागद दिला. तिच्या नावाने चित्रं लागली, २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. भूरीबाई भिल्लच. आमच्या सातपुड्यापलीकडची. तिच्या चित्राखाली कुणी 'भिल्ल जमात, रंग, कागद' एवढंच लिहून दाखवावं!

नाव लागलं म्हणजे न्याय मिळाला, असं समजणाराही मी नाही. त्याच स्वामिनाथनांच्या चमूला पाटणगढला सापडलेला गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम जगभर गाजला. २००१ साली जपानमधल्या मिथिला म्युझियमसाठी चित्रं काढायला गेला असताना तिथेच त्याने आत्महत्या केली. नाव भिंतीवर होतं, माणूस परक्या मुलखात एकटा होता. म्हणून म्हणतो, नाव ही पहिली पायरी. आमच्या विद्यापीठांनी अजून त्या पायरीवरही पाय ठेवलेला नाही.

आता त्याच डालग्याच्या बांबूकडे या. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडात मोजलं. प्रत्यक्षात ते गवत. ती व्याख्या बदलायला २०१७ साल उजाडलं, आणि तीही वनाबाहेर वाढलेल्या बांबूपुरती. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये बांबू गौण वनउपज ठरवला, ग्रामसभेचा हक्क मानला. पण डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्या बाईला नाक्यावर कायद्याचं कलम कुठून पाठ असणार? तर अशी ही कला आहे. जंगलातून निघताना संशयित, हाटात आली की घासाघीस, आणि विद्यापीठात पोचली की वारसा. तीन ठिकाणी तीच वस्तू. पाटीवर यांतली एक ओळ छापली असती तरी विद्यार्थ्याला अर्थशास्त्र, कायदा आणि कला एका डालग्यात शिकता आली असती. पण तिथे छापलं होतं 'बांबू'. जणू बांबू स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

उद्घाटनाचा सोहळा राहिलाच. तारीख अर्थातच ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. विद्यापीठांच्या कॅलेंडरात आमचे दोन दिवस आहेत: ९ ऑगस्ट आणि १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती. बाकी वर्षभर डालगं भांडारात. तर दाराशी स्वागताला पोरं उभी केली होती, बुध्याच्या वेशात. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्याला मोरपिसं. हा वेश सातपुड्यातल्या होळीचा, काठी-मोलगीकडचा. तो चढवणारा माणूस नवस बोललेला असतो. दिवसच्या दिवस पथ्य पाळतो, खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो. त्या वेशाला एक दिवस असतो आणि एक कारण असतं. इथे भर ऑगस्टात, पाहुण्यांची गाडी उशिरा आली म्हणून ती पोरं उन्हात ताटकळली. मग गाडी आली, पोरं नाचली, पाहुण्यांनी मधे उभं राहून फोटो काढून घेतला, आणि सगळे एसीत गेले. पोरं बाहेर. उद्या आम्ही गणपतीची आरती नाताळात लावून मंत्र्यांचं स्वागत केलं, तर हेच लोक भावना दुखावल्याचं निवेदन घेऊन तहसीलवर येतील.

पाहुण्यांना स्मृतिचिन्ह दिलं ते प्लायवूडचं, लेसरने कापलेलं. त्यावर पुन्हा वारली फेर. दालनात बांबूची इतकी कामं होती, त्यांतलं एक विकत घेऊन पाहुण्यांच्या हातात द्यावं, हे एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तर कोटेशन कुणाचं मागवायचं, असा प्रश्न पडला असता. प्रदर्शनाचा अहवाल मात्र देखणा झाला असणार. नॅकच्या समितीला दाखवायला रंगीत फोटो लागतात, आणि मोरपिसं फोटोत छान येतात.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "विद्यापीठाच्या दालनात काय लावायचं, कसं लावायचं, हा आमच्या स्वायत्ततेचा विषय आहे." खरंच? चिंचपाड्याहून आम्हाला मुंबईपेक्षा बडोदं जवळ. सयाजीरावांच्या त्या शहरातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा देशात नावाजलेली. मे २००७ मध्ये तिथे चंद्रमोहन या विद्यार्थ्याने परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवर बाहेरचे लोक आत घुसून तुटून पडले. अटक विद्यार्थ्यालाच झाली, आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या प्राध्यापक शिवाजी पणिक्करांना विद्यापीठानेच निलंबित केलं. २०२२ मध्ये पुन्हा एका विद्यार्थ्याच्या कामावरून गोंधळ, पुन्हा कारवाई विद्यार्थ्यावरच. परीक्षकांनी पाहायची चित्रं जमावाने तपासली, आणि स्वायत्तता खाली मान घालून उभी राहिली. म्हणजे आरडाओरडा करत येणाऱ्या बाहेरच्या माणसाला विद्यापीठाच्या दालनात मत असतं. ज्याची वस्तू आत लावली आहे तो शांतपणे नाव विचारतो, तेव्हा मात्र स्वायत्तता ताठ होते. तुमची स्वायत्तता कुणापुढे वाकते आणि कुणापुढे ताठते, हे आम्हाला इकडून नीट दिसतं.

जगात काय चाललं आहे, तेही सांगतो, कारण परदेशातलं उदाहरण दिलं की आपल्या विद्यापीठांचे कान टवकारतात. ऑक्सफर्डच्या विद्यापीठाचं पिट रिव्हर्स म्युझियम. तिथे नागा लोकांच्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. २०२० साली त्या संग्रहालयाने माणसांचे अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले, आणि पूर्वजांचे अवशेष घरी आणण्यासाठी नागा लोकांनी त्यांच्याशी बोलणी सुरू केली. अमेरिकेत १९९० पासून यासाठी कायदाच आहे, तो विद्यापीठांच्या संग्रहालयांनाही लागू आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले. मूलनिवासींचे पवित्र आणि वारशाचे ऐवज त्यांच्या संमतीशिवाय मांडायचे नाहीत. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने त्याच महिन्यात आपली दोन मोठी दालनं बंद केली. व्हँकूवरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं मानववंशशास्त्र संग्रहालय ज्या मस्क्वियम लोकांच्या भूमीवर उभं आहे त्यांचं नाव उघड सांगतं, आणि बिल रीड या हैदा शिल्पकाराचं काम तिथे त्याच्या नावाने उभं आहे. ही मंडळी संत नाहीत. त्यांच्या बापजाद्यांनी जे केलं ते आमच्या साहेबांनीही केलं नसेल. पण त्यांना जाब विचारणारे दारात उभे राहिले, तेव्हा ते हलले.

"अहो, पण विद्यापीठांनी जपलं म्हणून निदान वस्तू उरल्या," हे आणखी एक ठेवणीतलं वाक्य. आमच्याकडे वाघदेव उघड्यावर असतो. सीमेपलीकडे सोनगडकडे लाकडी मगरदेव ऊन-पाऊस खात उभा असतो. लाकूड झिजलं की विधी करून नवा बसवतात. नवा घडवणारा हात गावात असतो म्हणून जुना झिजला तरी चिंता नसते. तुम्ही वस्तू जपता, आम्हाला हात जपायचा आहे. आणि तो हात दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जातो, कारण सुपा-डालग्यांवर घर चालत नाही. जपायचंच असेल तर ऊसतोडीचे महिने त्या हाताला विद्यापीठात बोलवा. तुमच्याकडे अभ्यागत व्याख्यात्याला तासाचे पैसे मिळतात ना? कामटी कशी काढायची, काठ कसा बांधायचा, हे शिकवायला तास लागतात. द्या तोच दर. पदवी विचारू नका. त्या हाताने विणलेला सापळा तुम्हाला सरळ मांडता आला नाही, यावरून कोण कुणाला शिकवू शकतं ते ठरलेलंच आहे.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक वस्तूच्या पाटीवर घडवणाऱ्याचं नाव, पाडा, साल आणि वस्तूचे किती रुपये दिले तो आकडा. होय, आकडाही, शरम वाटेल असा असेल तर वाढवा. नाव नको असं कुणी म्हटलं, तर तेही लिहा: 'नाव न देण्याची इच्छा'. त्यातही विचारल्याचा पुरावा राहतो. जुन्या संग्रहाची नोंदवही गावातल्या कुणीही मागितली तर दाखवा. घेतलेले फोटो आणि रेकॉर्डिंग यांची प्रत ग्रामसभेला द्या. आणि प्रदर्शन आधी इथे भरवा. खांडबाऱ्याच्या हाटात, आमच्या शाळेच्या पडवीत, जिथे चूक दिसली तर म्हातारी तोंडावर सांगेल. इथे पास झालेलं प्रदर्शन मग न्या पुण्याला, मुंबईला, पॅरिसला. आमची हरकत नाही.

तोवर आम्ही आमच्यापुरतं ठरवलं आहे. पुढच्या वेळी विद्यापीठाची गाडी वस्तू न्यायला आली, की कोऱ्या पाट्या घरूनच तयार असतील. भरून, सही करून द्यायच्या, मग वस्तू गाडीत. पाट्यांचा कागद आणि पेन यांच्यासाठी अनुदान मंजूर नाही असं कुणी म्हणालं, तर संकोच करू नका, सांगा. चिंचपाड्यात वर्गणी काढून पाठवू. पावती मात्र वर्गणीदारांच्या नावाने फाडा.